ओटीतला नारळ

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. आमच्याकडे कुठल्याही यंत्राचा आकडा खरा मानायच्या आधी त्याला उसाच्या रसाऐवजी नुसतं शुद्ध पाणी देऊन बघतात. पाण्यात साखर नसते हे आपल्याला ठाऊक असतं. ते यंत्राला ठाऊक आहे का, एवढंच बघायचं असतं. पाण्यातही त्याला साखर सापडली, तर त्या दिवशीचे सगळे आकडे रद्द. याला आम्ही ‘ब्लँक घेणं’ म्हणतो. ही सवय मला घरीही नडते. दूधवाल्यापासून ज्योतिषापर्यंत सगळ्यांचा मी मनातल्या मनात ब्लँक घेत असते.

विहंग इनामदारचा ब्लँक मात्र कुणी घेतला नव्हता. तो यंत्रांच्या एका कंपनीचा मालक. त्याचं आजोळ आमच्या गडहिंग्लजचं, म्हणून तो अख्ख्या गावाचा भाचा. त्याने अमेरिकेत काहीही केलं की आमच्या चौकात फ्लेक्स लागायचा. आधी त्याने बिनड्रायव्हरची एसटी आणली. उद्घाटन झोकात झालं, आंबोली घाटात धुकं लागलं आणि बस जी थांबली ती क्रेन येईपर्यंत. मग त्याने खड्डे ओळखणारे रस्ते आणले. खड्डे त्यांनी बरोबर ओळखले, पण ते आम्हीही ओळखत होतो. दर वेळी तो टीव्हीवर काळा सदरा घालून यायचा आणि सांगायचा, की कृत्रिम बुद्धिमत्ता आता माणसाच्या पुढे गेली आहे, तुम्ही फक्त विश्वास ठेवा. आता त्याने ‘मनबोली’ आणली होती. बोलता न येणाऱ्या माणसाच्या डोक्यातलं वाचून त्याच्याच आवाजात बोलून दाखवणारं यंत्र. तीन वर्षांत या देशात एकही माणूस मुका राहणार नाही, असं तो म्हणाला.

“भाच्याला म्हणावं, आधी घाटातली यष्टी खाली आण,” बसाप्पामामा म्हणाले. “मग माणसांच्या डोसक्यात शीर.” बसाप्पामामा अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डेपोतले जुने सोबती. चाळीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. त्या बिनड्रायव्हरच्या बसचा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला होता.

आम्ही दोघं हसलो. अप्पा हसले नाहीत. त्यांनी कंपनीला अर्ज केला होता.

कारण आमच्या घरात एक मुकं माणूस होतं. आईला मेंदू आणि मणका जुळतात त्या जागी झटका आला, त्याला वर्ष होत आलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं, ती आत पूर्ण जागी असू शकेल. ऐकत असेल, ओळखत असेल, पण बाहेर येणाऱ्या सगळ्या तारा तुटल्यात. पापण्यासुद्धा तिच्या मर्जीने हलत नव्हत्या, आपोआप मिटत आणि उघडत. “असू शकेल” या शब्दावर आमचं घर उभं होतं.

तशी आई आधीही बोलकी नव्हती. तिची पिठाची गिरणी होती. त्या धडधडीत उभं राहून राहून तिचं बोलणं आखडत गेलेलं. डबा कुठे ठेवायचा ते बोटाने, दळण जाड की बारीक ते अंगठा आणि बोट चोळून, आणि राग भुवईने. तिला कशी आहेस विचारलं तर “हं” म्हणायची, आणि दुसऱ्यांदा विचारलं तर “दिसत न्हाई व्हय?” घरात बोलण्याचं खातं अप्पांकडे होतं. अप्पा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर भोंग्यातून गाड्या पुकारल्यामुळे ते देवघरात आरतीसुद्धा ‘प्रवाशांनी नोंद घ्यावी’ अशा सुरात म्हणत.

कंपनीने अर्ज लगेच मंजूर केला. भाच्याच्या आजोळची बाई, आणखी काय पाहिजे?

यंत्र घेऊन पुण्याहून मैथिली आली. कंपनीची इंजिनिअर, नम्र, आणि सतत टॅबलेटमध्ये बघणारी. यंत्र म्हणजे एक कापडी टोपी, आतून ओलसर चकत्या लावलेल्या. एक पट्टा कपाळावरून, एक डोक्यामागून घट्ट आवळलेला. उशाशी एक पांढरा खोका, त्याला स्पीकर. तिने आईच्या आवाजाचे नमुने मागितले. आईने फोनवर पाठवलेले निरोप हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातले निम्मे “ये” एवढेच. शेवटी गिरणीच्या रौप्यमहोत्सवाचा व्हिडिओ सापडला, त्यात आई चार वाक्यं बोलली होती. त्यावर भागलं.

पंधरा दिवस खोका गप्प होता. मग एका सकाळी अप्पा चहाचा कप घेऊन आईजवळ बसले आणि रोजच्यासारखं म्हणाले, “शालन, कशी हाईस?”

“मी बरी आहे,” खोका म्हणाला. “श्रीपती, तुम्ही काळजी करू नका. तुम्ही नाश्ता केलात का?”

आवाज आईचाच होता. अप्पा कप हातात धरूनच रडायला लागले. मी तो काढून घेतला, आणि खरं सांगते, मीही रडले. केमिस्ट असले तरी मी तिचीच पोर आहे.

अप्पांनी पहिला फोन बसाप्पामामांना केला. “बसाप्पा, तिनं माझं नाव घेतलं! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर आज!”

आणि तिथेच माझ्या डोळ्यातलं पाणी आटलं.

आमच्याकडे आईच्या वयाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आई तर मुळीच नाही. “अवो”, “ऐकलासा काय”, फार तर “संयूचे अप्पा”. बँकेत साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं तर ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे. झटका आला त्या दिवशीसुद्धा, जीभ जड होत असताना, ती मला “अप्पास्नी हाक मार” असंच म्हणाली होती. आणि आता हा खोका सकाळ-संध्याकाळ श्रीपती, श्रीपती करत होता. अप्पा मात्र लाजत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस नव्या नवरदेवासारखा दाढी करून बायकोजवळ बसायला लागला.

मी मैथिलीला गाठलं. “हे कसं चालतं ते मला सांग. जाहिरातीतलं नको, खरं.”

तिने समजावलं ते असं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या विजेच्या अगदी सूक्ष्म ठिणग्यांनी. टोपीतल्या चकत्या ती वीज कवटीबाहेरून टिपतात. पण मधे हाड असतं, कातडी असते, आणि खोलीतला पंखा, दिवा, फोन यांचीही वीज त्यात मिसळते. आमची गिरणी चालू असताना रस्त्यावरून भिंतीला कान लावावा आणि आत दोन बायका काय कुजबुजतात ते ओळखावं, तसा हा प्रकार. एखादा शब्द निसटता कळला तर कळला. म्हणून कंपनीने त्यावर दुसरं यंत्र बसवलं होतं, भाषेचं. कोट्यवधी वाक्यं वाचलेलं. ते समोरच्याचा प्रश्न ऐकतं आणि त्या निसटत्या खुणेवरून उरलेलं वाक्य भरून काढतं. अशा वेळी, अशा वयाची, अशा घरातली बाई काय बोलण्याची सगळ्यात जास्त शक्यता आहे, ते. या भरतीला कंपनी ‘साहाय्य’ म्हणते.

“आणि आईच्या बोलण्यात साहाय्य किती?”

“ते कमीजास्त होतं, ताई.”

“आत्ता किती आहे?”

तिने टॅबलेट छातीशी धरला. “ते सांगायची परवानगी नाही.”

“बरं. आई अप्पांचं नाव कशी घेते?”

याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. “वरवरचे संकोच गळून पडतात. काकू मनात काकांना नावानेच हाक मारत असतील ना!”

हे उत्तर मला आवडलं नाही, कारण ते खोटं आहे हे मला दाखवता येईना. आई स्वतःसारखी बोलली तर यंत्र बरोबर, आणि स्वतःसारखी बोलली नाही तर यंत्र आणखी खोल गेलेलं. ज्याला चुकताच येत नाही असलं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत मी दाराबाहेर ठेवलं असतं. पण हे माझ्या आईच्या डोक्यावर होतं, आणि अप्पा ते दिवसरात्र काढू देत नव्हते. टोपी काढली की ती गप्प होते, म्हणायचे.

“अप्पा, काल ती म्हणाली आभाळ किती सुंदर आहे,” मी एकदा स्वयंपाकघरात त्यांना म्हटलं. “आईनं पापड वाळत घातल्याबिगर कधी आभाळाकडं बघितलंय?”

“तवा येळ न्हवता तिला. आता हाय.”

“आणि ती पुस्तकातल्यासारखी बोलतीय. ‘जेवलात का’ म्हणती. आई ‘जेवलासा काय’ म्हणायची.”

अप्पांनी कुकरची शिट्टी होऊ दिली. मग म्हणाले, “संयू, तू दिवसभर कारखान्यात. मी बसतो हिच्याजवळ. वर्षभर भिंतीशी बोलत हुतो मी. आता भिंत बोलाय लागली तर तुला का टोचतंय?”

माझा संशय खरा ठरला तर मी त्यांची बायको दुसऱ्यांदा नेणार होते.

मी कदाचित गप्पही बसले असते. कुणाचं काय बिघडत होतं? पण मग इनामदारने पुढचा टप्पा जाहीर केला. टोपी नको, आता कवटी उघडून मेंदूवरच तारांची जाळी बसवायची. राज्यातली पहिली रुग्ण, शालन श्रीपती सुतार. धोका होता. जंतू शिरले किंवा रक्त साकळलं, तर आत जागी असलेली बाईही विझणार होती. अशा रुग्णाची संमती घ्यायची कशी, हा प्रश्न सरकारने नियम करून सोडवला होता. प्रमाणित यंत्रातून आलेला होकार हा रुग्णाचाच होकार.

अप्पांनी आईला विचारलं. खोका म्हणाला, “हो. मला पुढे जायचं आहे.”

“तिला पायजे,” अप्पा म्हणाले. “मी कोण नको म्हणणारा?”

नगरपालिकेच्या सभागृहात सत्कार ठरला. तिथेच सगळ्यांसमोर आई संमती देणार, आणि संध्याकाळी कंपनीची गाडी तिला पुण्याला नेणार.

सभागृह भरलेलं होतं. इनामदारला कोल्हापुरी फेटा बांधला, शाल दिली. तो प्रत्यक्षात टीव्हीवरच्यापेक्षा ठेंगणा होता आणि हात जोडताना कॅमेऱ्याकडे बघत होता. आई व्यासपीठावर चाकाच्या खुर्चीत, हिरव्या साडीत, डोक्यावर टोपी. खोका माईकला जोडलेला. टोपी सैल झाली की खोका एरवी पिपाणीसारखा वाजायचा, पण कार्यक्रमात व्यत्यय नको म्हणून वरून सांगून तो आवाज बंद करवला होता. मैथिलीने मला हे सकाळीच सांगितलं होतं, उगाच घाबरू नका म्हणून.

मग बायका ओटी भरायला आल्या. सवाष्णीचा सत्कार नुसत्या शालीवर आमच्याकडे होत नाही. पुढे आमच्या शेजारच्या पारूकाकू. त्यांनी आईच्या मांडीवर खण ठेवला, तांदूळ घातले, पाण्याने धुतलेला, हळदीकुंकू लावलेला नारळ ठेवला. आता कपाळाला कुंकू लावायचं, तर कपाळावर पट्टा. पट्ट्यावरून कुंकू कसं लावणार? पारूकाकूंनी एखाद्या पोराची टोपी काढावी तशी ती टोपी काढली. ठेवायची कुठे? एका हातात करंडा, टेबलावर हार-गुच्छांचा ढीग. त्यांनी ती मांडीवरच्या नारळावर ठेवली. ओल्या नारळावर ती बेतल्यासारखी बसली.

इनामदार तेव्हा लोकांकडे तोंड करून बोलत होता. त्याची पाठ आईकडे. आवाज हळवा करून तो म्हणाला, “शालनताई, तुमचं सगळं गाव ऐकतंय. पुढच्या प्रवासाला तुमची तयारी आहे?”

“हो,” खोका आईच्या आवाजात म्हणाला. “माझी पूर्ण तयारी आहे. विहंग, माझा तुमच्यावर विश्वास आहे. श्रीपतींचीही मला साथ आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पारूकाकूंचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी आईकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“अगं बया,” त्या म्हणाल्या, आणि माईक जवळच होता. “संयू, नारळ बोलतोय की गं!”

पहिल्या रांगेत बसाप्पामामांचं हसू फुटलं ते थांबेना. फोन वर झाले. इनामदारने वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी होतं, मी नीट बघितलं. “घाबरू नका,” तो म्हणाला. “टोपी काढायच्या आधी ताईंच्या मनात आलेलं यंत्राने साठवून ठेवलं होतं. ते आता बोललं. इतकं ते पुढे गेलंय!” निम्म्या लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पुढे तो व्हिडिओ जगभर फिरला, लोक त्याच्यावर पोट धरून हसले, आणि कंपनीने तो खोडसाळपणा असल्याचं पत्रक काढलं. पण त्या दुपारी आमच्या घरी प्रश्न एकच होता. अप्पांचा त्या साठवणीवर विश्वास बसला होता, आणि संध्याकाळी गाडी येणार होती.

मी मात्र सभागृहातून निघतानाच ठरवलं होतं. मी ओटीतला नारळ पिशवीत घातला. चार महिने माझ्या नाकासमोर ब्लँक घ्यायची संधी होती आणि ते सुचलं पारूकाकूंच्या कुंकवाला.

घरी आल्यावर आईला पलंगावर निजवलं. मैथिली सोबत होती, तिचा चेहरा उतरलेला. मी बैठकीत पाट मांडला, त्यावर नारळ ठेवला, नारळाला टोपी घातली.

“ताई, हे करू नका,” मैथिली म्हणाली. पण तिने हात पुढे केला नाही.

“साठवलेलं असंल तर संपू दे.” मी चहा टाकला. चहा उकळला, गाळला, आम्ही तो प्यायलो. अप्पा दारात उभे राहून बघत होते, रागाने लाल. त्यांचा कप भरलेलाच राहिला. मग मी पाटासमोर मांडी घातली.

“कशी आहेस?” मी नारळाला विचारलं.

खोका थोडा घुटमळला. “मी बरी आहे. तुम्ही काळजी करू नका.”

“जेवायला काय करू?”

“काहीही चालेल. साधा वरणभात पुरे.”

“काय दुखतंय का?”

“नाही गं. सगळे माझी किती काळजी घेतात.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. हे उत्तर मी ओळखत होते. पारूकाकूंचं होतं, माझ्या आत्याचं होतं, आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईचं होतं. त्यांना काहीही विचारा, त्या बऱ्याच असतात. यंत्राने आमच्या बायकांची कोट्यवधी वाक्यं वाचली आणि त्यातून हेच शिकलं. एकटी माझी आई तशी नव्हती.

अप्पा पुढे आले. गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश, ते पाटासमोर बसले. मला वाटलं टोपी भिरकावतील. त्यांनी नारळाकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “शालन?”

“बोला ना, श्रीपती,” नारळ म्हणाला.

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर तो त्यांनी झटकला नाही, धरलाही नाही. मग मैथिलीकडे बघून त्यांनी विचारलं, “पोरी, मग माझी बायको कुठाय?”

मैथिली रडायला लागली. “साहाय्य जवळजवळ पूर्ण ठेवलंय काका. सगळ्यांच्याच यंत्रात. कमी केलं की वाक्यं होत नाहीत. शून्यावर फक्त हो आणि नाही येतं. मूठ आवळायचा विचार केला की हो, खोक्यावर हिरवा दिवा. पाय आपटायचा विचार केला की नाही, तांबडा दिवा. ते खरंच चालतं. पण एकेका उत्तराला खूप थांबावं लागतं. सर म्हणाले, हे स्टेजवर कोण बघणार?”

“शून्यावर कर,” मी म्हटलं. “आधी नारळाचं.”

तिने केलं. मी नारळाला पुन्हा सगळं विचारलं. खोक्यावरचा दिवा हिरवा झाला नाही की तांबडा झाला नाही. शुद्ध पाण्यात साखर नव्हती. पहिल्यांदाच या यंत्राबद्दल मला आदर वाटला.

मग टोपी आईला घातली. तिच्या कानाशी जाऊन मी मूठ आणि पाय समजावून सांगितलं, दोनदा. मैथिलीला माहीत नसलेल्या गोष्टी विचारल्या. “गिरणीचं पयलं जातं कोल्हापुरातनं आणलं?” आम्ही थांबलो. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. दिवा तांबडा झाला. नाही. बरोबर, ते निपाणीहून आणलं होतं. “माझ्या आत्याचं नाव मालन?” हिरवा. “आपल्याकडं कधी म्हैस हुती?” तांबडा. विचारत गेले, एकही उत्तर चुकलं नाही.

ती होती. एवढे महिने ती तिथे होती आणि ऐकत होती.

“आई,” मी म्हटलं. “दुखतंय काय कुठं?”

या वेळी थांबावं लागलं नाही. हिरवा.

पाय? तांबडा. कंबर? तांबडा. पोट? तांबडा. “डोकं?” हिरवा, आणि तो विझून पुन्हा हिरवा, पुन्हा हिरवा.

मी टोपी काढली आणि अप्पांनी तिची मान उचलून धरली. मागच्या पट्ट्याखाली, केसांच्या गुंत्यात, उशीवर दाबून दाबून मोठी जखम झाली होती. ओली, पार आत गेलेली. ज्या टोपीतून ती “मी बरी आहे” म्हणत होती, ती टोपी तिला खात होती. वेणी मीच घालत होते, पण टोपीच्या खाली बोट घातलं नव्हतं.

“मी काढू दिली न्हाई,” अप्पा म्हणाले. “मला बोलायचं हुतं.”

डॉक्टर येऊन गेले. जखम धुतली, पट्टी बांधली. मैथिलीने कात्रीने मागचा पट्टा कापून टाकला. हो-नाहीला वरच्या दोन-चार चकत्या पुरतात, म्हणाली. बाहेर कंपनीची गाडी येऊन उभी राहिली होती, पुढच्या काचेवर इनामदारचा हसरा फोटो लावलेली. ड्रायव्हर हॉर्न देत होता. बिनड्रायव्हरची नव्हती, हे मी बघून घेतलं.

अप्पांनी टोपीचा तुकडा स्वतःच्या हाताने, अलगद, आईच्या डोक्यावर धरला. “शालन, पुण्याला जायचं? ते आपरेशन करायला?”

तांबडा.

मी बाहेर जाऊन गाडी परत पाठवली. ड्रायव्हर म्हणाला, साहेबांकडे होकाराचं रेकॉर्डिंग आहे. मी म्हटलं, होकार देणारा नारळ आत पाटावर आहे, न्यायचा तर तो न्या. परत आले तेव्हा अप्पा आईजवळ स्टुलावर बसले होते. मी दारातच थांबले.

“एक इचारू?” ते आईला म्हणत होते. आयुष्यभर भोंग्यात बोललेला माणूस, पण ते मला जेमतेम ऐकू आलं. “त्यातनं माझं नाव तू घेत हुतीस का?”

मला वाटलं, हे विचारू नये त्यांनी. दिवा बराच वेळ विझलेला होता. मग तांबडा झाला. अप्पांनी मान हलवली, जणू एखादी गाडी रद्द झाल्याचं त्यांना आधीच कळलं होतं.

“माझ्यावर चिडलीयास?”

हिरवा. लगेच.

आणि अप्पा हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. “संयू, बघ, बघ,” त्यांनी मला हाक मारली. “आता बोलली ही!”

मग त्यांना एकदम काहीतरी वाटलं असावं. हसू गेलं. ते स्टुलावरून अर्धवट उठले, टोपीवरचा हात तेवढा तिथेच राहिला. “मग जाऊ मी बाहेर? थोडा येळ?”

घड्याळ चालत होतं.

तांबडा.

अप्पा परत बसले.